पाच फुटांवरची झाडं

वहिनी, तुमची तेरवी झकास झाली. माणूस गेल्यावर असं म्हणत नाहीत, मला माहीत आहे. पण तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. वांग्याची भाजी तिखटजाळ झाली होती, वरण पातळ होतं, आणि बुंदी पुरणार नाही म्हणून तुमचा धाकटा सुधाकर सकाळपासून घामाघूम झाला होता, ती दोन घमेली उरली. जानेफळहून तुमच्या दोघी बहिणी आल्या. आधी रडल्या, मग जेवल्या, मग भाजीला नावं ठेवली. मला बरं वाटलं. तुमच्या माघारी तुमच्यासारखी भाजी कोणाला जमली असती, तर ते मात्र मला सहन झालं नसतं.

जेवणं झाल्यावर लोकांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. माइक माझा, भोंगे माझे. तीस वर्षं या भागातली लग्नं, सप्ताह आणि हरवलेल्या शेळ्या मीच पुकारत आलो. मी दोन शब्द म्हणालो की लोक चटई पसरून बसतात, इतकी माझी ख्याती. पण त्या दिवशी खरंच दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोक म्हणाले, भाऊंचा कंठ दाटला. कंठबिंठ काही दाटला नव्हता. तुमच्या थोरल्या गजाननचा तुमच्यासाठी एक निरोप माझ्याकडे राहून गेला आहे, आणि तो पोचवल्याशिवाय चारचौघांत तुमच्याबद्दल गोड बोलायला जीभ उचलेना. आता तुम्ही ऐकू शकत नाही, हे मला कळतं. तरी सांगतो. तुम्ही असताना तरी माझं कुठे ऐकत होता?

आपलं नातं चुलत दीर-भावजयीचं. पण तुमच्या वावराला माझं वावर लागून, दोघांमध्ये एकच धुरा, एकच बांध, म्हणून सख्ख्या नात्यात होत नाहीत इतकी भांडणं आपण त्या धुऱ्यावर केली. तुमचे मालक, आमचे दादा, गेले तेव्हा तुमच्याकडे तीन एकर जमीन आणि दोन पोरं होती. तीन एकरांत दोन संसार बसत नाहीत हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. तुम्ही ते बोलून दाखवलं, एवढाच फरक. तो दिवस मला स्पष्ट आठवतो. मी अंगणात चहाला बसलो होतो. गजानन बैलांना पाणी दाखवून आला, आणि तुम्ही चुलीपुढून न उठता म्हणालात, "गजू, तू चाकणले जाय. तुह्या मावसभावाच्या कंपनीत माणसं घेऊन राह्यले. सुध्या घरी राहीन."

गजानन म्हणाला, "मी काऊन? वावर मले समजते."

"म्हणूनच. तू कुठंबी पोट भरशीन. हा गावाबाहेर गेला तं रस्ता इचारत बसन."

सुधाकर बाजूलाच होता. त्याला राग येईल म्हणून मी कपाच्या आडून पाहिलं, तर तो हसत होता. "खरं आहे बे दादा," म्हणाला, "मले मेहकरातबी चुकायले होते." हसला नाही तो गजानन. आठव्या दिवशी तो एसटीत बसला. ज्याच्या हाताला शेती होती तो कारखान्यात गेला, आणि ज्याच्या हाताला नव्हती तो शेतात राहिला. गावाला हे उलटं वाटलं. मलाही वाटलं, आणि मी ते सतरा ठिकाणी रंगवून सांगितलं.

मग दर महिन्याला तुमच्या मोबाइलवर टुंग वाजायला लागलं. गजाननचे पैसे तुमच्या खात्यात यायचे, सुधाकरच्या नाही, त्यामुळे घरात तुमचा आवाज दीड पट वाढला. तेव्हा गावातली चार-पाच तरी घरं अशीच टुंगवर चालायला लागली होती. कोणाचा पोरगा पुण्याकडे, कोणाचा सुरतेला. लोकांनी त्या पैशांतून स्लॅब टाकले, पुढे गॅलरी काढल्या. आजही त्या गॅलऱ्यांत चादरी वाळतात आणि माणसं खाली अंगणातच बसतात. तुम्हालाही सगळे म्हणाले, गॅलरी काढा. तुम्ही म्हणालात, "गॅलरीत उभी राहून मी पाहू कोणाले? माहा तं दिसत नाही तिथून."

खरी पंचाईत वेगळीच होती. ज्या बाया तुमच्या कपाशीत निंदायला यायच्या, त्यांच्याही पोरांच्या घरी टुंग वाजायला लागलं होतं. मग कमरेत वाकून दुसऱ्याचं गवत कोण काढणार? दोन हंगाम तुम्ही आणि सुधाकरची बायको रेखा, दोघींनीच निंदलं. तिसऱ्या हंगामात कपाशी गवतात दिसेनाशी झाली. एके दिवशी तुम्ही धुऱ्यावर येऊन जाहीर केलं, "भाऊजी, मी झाडं लावतो. ज्याले निंदावं लागत नाही असे."

मलबार नीम. प्लायवूडला जातो, सहा-सात वर्षांत तयार होतो, असं रोपवाटिकेतल्या माणसानं सांगितलं होतं. मी तुमच्यासोबत गेलो होतो तिथे, आठवतं? त्यानं दोन-दोनदा बजावलं, दोन झाडांत दहा फूट ठेवा. तुम्ही मान हलवली. तुमचं ते मान हलवणं म्हणजे होकार नसतो, पुढच्या माणसाला गप्प करण्याची रीत असते, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत.

लावणीच्या दिवशी तुम्ही घरातून कपाशीची दोरी काढलीत. सरकी टोबताना दोन्हीकडून बैलांचा डवरा फिरावा म्हणून चौकोन आखतो, तीच, जागोजाग चिंध्या बांधलेली. दोरीचं एक टोक तुमच्याकडे, दुसरं माझ्या हातात. चिंध्या तुम्ही सोडून नव्याने पाच फुटांवर बांधल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, तो मानूस दहा म्हणत होता."

"कपाशीले आपण चार ठेवतो. हे झाड आहे म्हणून एक वाढवला. दहा फुटात तं एक बैल झोपन. लोक म्हणतीन का हिचं बी कमी पडलं."

मी माझं टोक ताणून धरलं. आज कबूल करतो, वहिनी: मला पटलं नव्हतं, पण रेखानं नुकतीच कांदाभजी तळायला घेतली होती, आणि भांडण सुरू केलं असतं तर ती गार झाली असती. तीन एकर चुकीच्या अंतरावर लावण्यात दोरीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं. पुढे जे रोप मरायचं तिथे तुम्ही कपाशीच्या नांग्या भराव्यात तसं लगेच दुसरं रोप टोचायचा. सगळ्या तालुक्यात असं गच्च वावर दुसरं नसेल.

आणि खरं सांगू, ती वर्षं तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मजेची होती. फवारणी नाही, निंदण नाही, वेचणीला बाया शोधत पहाटे दारोदार फिरणं नाही. सुधाकरनं मालवाहू ऑटो घेतला आणि जानेफळच्या बाजारात लोकांचा माल नेऊ लागला. रस्ता एकच असल्यामुळे चुकण्याचा प्रश्न नव्हता. बैल विकले, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं तर तुम्ही झाडांच्या सावलीत पोत्यावर आडव्या. साठीला आलेल्या कुणबाऊ बाईला दुपारी शेतात झोपलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मी धुऱ्यावरून ओरडलो, "वहिनी, साप." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तो तिकडे धुऱ्यावर उभा आहे, मले माहीत आहे."

सगळ्यांनाच ती सावली गोड लागली असं नाही. कमलबाईला नाही लागली. तिला ना जमीन, ना पैसे पाठवणारा पोरगा; तुमच्याकडचं निंदण हाच तिचा पावसाळा होता. एकदा ती तुमच्या तोंडावर म्हणाली, "बाई, तुमच्या झाडानं माही रोजी खाल्ली." तुम्ही दुसऱ्या दिवसापासून खालच्या फांद्यांचा पाला तिच्या शेळ्यांना तोडून न्यायला सांगितलंत. दोनाच्या सात शेळ्या झाल्या. तिचा राग गेला की नाही मला ठाऊक नाही; पण ती रोज दुपारी पाला न्यायला आली की तुम्ही दोघी तासभर बोलत बसायचा, आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायचा. मला ते फार लागायचं.

चौथ्या वर्षी लाकडाचा व्यापारी आला. आपण तिघं वावरात शिरलो, म्हणजे आडवं होऊन शिरलो. त्यानं एका बुंध्याभोवती दोन्ही हातांची बोटं जुळवली, ती जुळली, आणि त्याचा चेहरा पडला. "बाई, हे झाडं निस्ते उंचीले लागले. जाडी कुठं आहे? एकाआड एक काढून टाका. बारीक काढा, जाड ठेवा. बाकीचे दोन वर्षांत फुगतीन."

तुम्ही विचारलंत, "काढलेल्याचं काय?"

"त्याचं काय. बल्ल्या होतीन. जळतन होईन."

तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मी नाही काढत."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते दोन वर्षं. मी तुम्हाला रोज समजावलं. धुऱ्यावर समजावलं, चहावर समजावलं, एकदा लग्नात माइक बंद करायला विसरून समजावलं आणि सगळ्या मांडवानं ऐकलं. माझ्या तुरीवर तुमची सावली पडते असा स्वार्थही मध्ये घातला. माझं म्हणणं सरळ होतं: पोरानं घाम गाळून पाठवलेला पैसा त्या वावरात उभा आहे, आणि तुमच्या हट्टापायी तो उदबत्तीच्या काड्या होणार. तुम्ही म्हणायचा, पेरलेलं उपटायचं नसते. मी म्हणायचो, हे पेरलेलं नाही, लावलेलं आहे. अशा शब्दाशब्दांच्या कुस्त्या मला आवडतात, म्हणून मी मजेत होतो. मला वाटायचं तुम्हीही मजेत आहात.

एक दिवस मात्र तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "भाऊजी, एक काढला तं दुसऱ्याले जागा होते, हे मले नका शिकवू. मी काढून पाह्यला. तो मानूस म्हणे बारीक काढा, जाड ठेवा. मी तं जाडच काढला होता. त्या दिवसानंतर त्यानं मले एका शब्दानं इचारलं नाही का आई, मलेच काऊन."

तीस वर्षं बोलण्यावर पोट भरणारा मी. मी काय केलं? म्हणालो, "वहिनी, चहाले साखर कमी पडली." तुम्ही उठून साखर आणलीत. त्यानंतर तो विषय आपण दोघांनीही त्या जागेपर्यंत कधी नेला नाही. अलीकडेच भांडत राहिलो.

आता निरोप. मागच्या पोळ्याला गजानन आला होता. बैल नसलेल्या घरात पोळ्याला येऊन काय करायचं, तरी तो येतो. जाताना त्याला मी फटफटीवर फाट्यापर्यंत सोडलं. बसची वाट पाहताना तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काका, आईले एक सांगान का? तिनं मले पाठवलं त्याचा मले राग होता. चार-पाच वर्ष होता. आता नाही. तिनं बरं केलं. मी तिथं चांगला आहे."

मी म्हणालो, "तूच सांग ना बे."

"माह्यानं नाही होत. मी तोंड उघडलं का आई ताटात भाकर वाढते."

हा तो निरोप, वहिनी. एवढाच. त्याच संध्याकाळी धुरा ओलांडून येऊन मला तो देता आला असता. पण मला काय सुचलं माहीत आहे? मला वाटलं, इतका चांगला निरोप असा चहाच्या कपावर कशाला खर्च करायचा. झाडं तोडायला निघतील, गाडी भरेल, लोक जमतील, मी माइक हातात घेईन आणि सगळ्यांसमोर म्हणेन, की या झाडांच्या धन्याचं त्याच्या आईला एक सांगणं आहे. तुम्ही पदर तोंडाला लावाल, रेखा रडेल, गजानन मान खाली घालेल. मी तो प्रसंग मनातल्या मनात पाच-सहा वेळा करून पाहिला. प्रत्येक वेळी फार छान झाला. आणि पौषात एका दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत.

रेखा मला बोलवायला आली तेव्हा धावत येताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चार महिने मी तुम्हाला तुमचीच वस्तू दिली नव्हती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गजानन, सुधाकर आणि मी वावरात गेलो. आता झाडांचं काय, ते ठरवायचं होतं. माझ्याकडच्या धुऱ्यापासून लांब, पलीकडच्या ओळींत आम्ही सहसा जात नाही. तिथे गेलो तर काही बुंध्यांना तुमच्या जुन्या हिरव्या लुगड्याचे काठ बांधलेले. एक सोडून एक. मोजले तर चाळीसच्या वर निघाले.

सुधाकर म्हणाला, "आईनं हे ठेवायचे म्हणून बांधले."

गजानन म्हणाला, "हे बारीक आहेत बे. हे काढायचे आहेत."

"आई काढायचे म्हणन? तुले माहीत नाही, तू इथं होता का?"

तो शब्द सुटला आणि गजाननने बुंध्यावरचा हात काढून घेतला. तेवढ्यात मागून कमलबाईचा आवाज आला. पाल्याला आली होती. "त्या चिंध्यावाल्या बल्ल्या माह्या आहेत," म्हणाली. "बाईनं मले देल्या. शेळ्याच्या छपराले. दिवाळी झाल्यावर एक एक झाड पाहून बांधत होत्या. मले सांगतलं होतं, भाऊजीले कळू देऊ नको. नाही तं भोंग्यावर पुकारन का वहिनी हरली."

वहिनी, मी तिथेच खाली बसलो आणि हसलो. दोन वर्षं भांडून मी जिंकलो होतो, तुम्ही ते माझ्यापासून दोन महिने लपवून ठेवलंत, आणि ज्याच्यापुढे मिरवायचं ते माणूसच, म्हणजे तुम्ही स्वतः, निघून गेलात. याला लबाडी म्हणतात.

गजाननला हसू आलं नाही. तो म्हणाला, "मावशी, इतके दिवस आई नाही म्हणे. मंग काऊन?"

दिवाळीनंतर तुम्ही पहिल्यांदाच चाकणला गेला होता, आठ दिवस. परत आलात त्या शांत होतात. मला वाटलं प्रवासानं थकल्या. कमलबाईनं विळा कमरेला खोचला आणि सांगितलं, "तुह्या घरून आली तवा मीबी हेच इचारलं. तं मले म्हणे, कमल, मी इतके वर्ष भेत होते का पोरगं तिकडं सुकलं असन, सुट्टीत येते तवा आपल्याले दाखवाले हासते. तिथं जाऊन पाह्यलं तं गजूचं पोट सुटलं. शर्टाचं खालचं बटन लागत नाही. दुसऱ्या दिवशीपासून चिंध्या बांधाले लागली."

गजाननने खाली मान घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. खरंच, लागत नव्हतं.

मी जो निरोप मांडव घालून, माणसं जमवून तुम्हाला देणार होतो, तो तुम्ही स्वतः जाऊन, एका बटनावरून वाचून आला होता. मला माझ्या चुकीची लाज वाटायची ती वाटतेच; पण त्या दिवसापासून मी रात्री नीट झोपतो.

गजाननने सुधाकरकडे कुऱ्हाड मागितली. पहिले दोन घाव भलतीकडेच बसले. सुधाकर म्हणाला, "दादा, कंपनीसारखं बटन नसते त्याले, हातानंच मारा लागते." मग दोघांनी आळीपाळीनं मारले. पण झाडं इतकी गच्च, की बुडातून सुटलेलं झाड पडेचना. शेजारच्या दोघांच्या खांद्यावर मान टाकून उभंच राहिलं. अशी दहा-बारा त्यांनी ढकलून पाडली. दुपारपर्यंत खाली जमिनीवर उन्हाचे तुकडे पडले, आणि भाकरी घेऊन आलेली रेखा त्यांच्याकडे पाहून म्हणाली, इथं हळद येईन.

सगळ्यात शेवटचं झाड माझ्या बाजूचं होतं. त्याला चिंधी नव्हती. गजाननने ते तुमच्या वतीनं माझ्या तुरीसाठी काढलं. आम्ही चौघांनी ढकललं, ते धुऱ्यावरून थेट माझ्या वावरात आडवं झालं आणि तुरीच्या दोन ओळी चेपल्या. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी तुमच्या पोरांना मनसोक्त शिव्या दिल्या, मग मोडलेल्या झाडांवरच्या हिरव्या शेंगा तोडून घेतल्या. संध्याकाळी रेखानं त्या उकडल्या, आणि गजानन, सुधाकर, कमलबाई, मी, सगळ्यांनी तुमच्या अंगणात बसून खाल्ल्या. मीठ अगदी बरोबर पडलं होतं.